आकाशवाणीचा दिवस आणि आपला आवाज

मराठीत आकाशवाणीविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक आठवणींच्या स्वरूपाचे असते. कोणाच्या घरी पहिला रेडिओ आला, बिनाका गीतमाला ऐकायला गल्ली कशी जमायची, दुपारची नाट्यगीते ऐकताना आईचे हात कसे थांबायचे, अशा आठवणी आपण आवडीने वाचतो. त्यांचे मोल मी नाकारत नाही. परंतु एखाद्या कथासंग्रहाचे परीक्षण करताना आपण जे प्रश्न विचारतो ते आकाशवाणीच्या दिवसाला मात्र कोणी विचारत नाही. काय निवडले? काय गाळले? कोणाला किती वेळ बोलू दिले? पहाटेच्या मंगलध्वनीपासून रात्रीच्या शेवटच्या गाण्यापर्यंत भाषण, नाटक आणि संगीत यांची जी मांडणी होते ती एक संपादित कृती असते. तिला संपादक असतो, तिच्यात अनुक्रम असतो, प्रमाण असते. म्हणूनच तिची समीक्षाही होऊ शकते.

अशी समीक्षा करताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आकाशवाणीच्या संगीतात मुसलमान भरपूर आहे. भाषणात तो सणावारापुरता आहे. आणि मराठी नाटकात तो जवळजवळ नाही. मराठी बोलणारा, मराठी मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मुसलमान तर आणखी कमी. ही वाटणी कशी झाली आणि ती बदलण्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय आताच घेण्याला एक निमित्त आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देशभरात १०० वॉट क्षमतेच्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे उद्‌घाटन झाले. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या मोजक्या ठिकाणांत आपले हिंगोलीही होते. नामदेवांची नरसी आणि विसोबा खेचरांचे औंढा ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या गावाला स्वतःचा प्रक्षेपक मिळाला याचा आनंद सर्वांनाच झाला. पण प्रक्षेपक म्हणजे केंद्र नव्हे. याविषयी शेवटी बोलू. आधी दिवसाकडे वळू.

दिवसाची बांधणी

आकाशवाणीचा दिवस परंपरेने तीन सभांत विभागलेला आहे: सकाळची, दुपारची आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंतची. 'सभा' हा शब्दच बोलका आहे. सभेला माणसे बोलवायची असतात. सकाळी ती सुरू होते एका धूनने. ही धून १९३६ साली वॉल्टर कॉफमन यांनी बांधली. कॉफमन हे युरोपातून निघून मुंबईत आश्रयाला आलेले यहुदी संगीतकार. ती शिवरंजनी रागावर आधारलेली आहे असे जाणकार सांगतात. त्यानंतर वंदे मातरम् आणि मंगलध्वनी. मंगलध्वनीत अनेकदा उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई वाजते. म्हणजे देशाच्या सकाळची पहिली काही मिनिटे एका यहुदी निर्वासिताने आणि बनारसच्या एका नमाजी मुसलमानाने सजवलेली आहेत. कोणत्याही भाषणात 'एकात्मता' हा शब्द न उच्चारता हे घडते, आणि म्हणूनच ते खरे वाटते.

यानंतर भक्तिगीते, चिंतन, बातम्या, हवामान, बाजारभाव. दुपारी महिलांचे आणि शालेय कार्यक्रम. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी, युवकांसाठी. रात्री श्रुतिका, परिसंवाद, शास्त्रीय गायन. प्रत्येक केंद्राचे वेळापत्रक वेगळे, पण बांधणी साधारण अशीच. या बांधणीचा गुण असा की तिच्यात कोणालाही फक्त स्वतःच्या आवडीचे ऐकता येत नाही. आपल्या आवडत्या गाण्याची वाट पाहताना कापसावरील किडीची माहिती कानावर पडते. बातम्यांसाठी रेडिओ लावणाऱ्याला त्याआधीचा अभंग ऐकावा लागतो. आज मोबाइलवर प्रत्येक जण आपल्याच आवडीचे पुन्हा पुन्हा ऐकतो. शेजाऱ्याचे ऐकण्याची सक्ती तेथे नाही. आकाशवाणीच्या दिवसात ती सक्ती होती, आणि तिने आपल्या समाजाचे फार भले केले.

मराठवाड्यातील मुसलमानांच्या संदर्भात तर हे विशेष खरे आहे. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले, आणि हैदराबादचे 'डेक्कन रेडिओ' हेही प्रामुख्याने उर्दूचेच केंद्र होते. औरंगाबादलाही संस्थानाचे रेडिओ केंद्र होते. १९५० साली संस्थानी केंद्रे ऑल इंडिया रेडिओत सामील झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. एका पिढीच्या आत येथील मुसलमानाची कचेरीची भाषा बदलली, लिपी बदलली, अर्जाचा मायना बदलला. या बदलात त्याला मराठी शिकवायला कोणी शिक्षक घरी आला नाही. पुढे परभणीला आकाशवाणी केंद्र झाले आणि तेथून येणारी मराठी ज्यांच्या ओसरीवर पोहोचली, त्यांना ती कानाने मिळाली. कानाला लिपी नसते. उर्दू उजवीकडून लिहावी की मराठी डावीकडून, हा प्रश्न रेडिओवर येतच नाही. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. त्यामुळे परभणी केंद्राला आमच्या घरांत 'अपना रेडिओ' म्हणत.

भाषण : साध्या जबानीची शिस्त

आकाशवाणीवरील 'भाषण' म्हणजे व्यासपीठावरील भाषण नव्हे. दहा मिनिटांच्या भाषणाला बाराशेच्या आसपास शब्द लागतात. त्यात एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला काहीतरी समजावून सांगायचे असते. समोर टाळ्या नाहीत. ऐकणारा कांदा चिरतो आहे किंवा सायकल पुसतो आहे. वाक्य लांबले की तो गेला. पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर यांच्यासारखे लेखक आकाशवाणीच्या नोकरीत होते. त्यांच्या गद्यातील बोलकेपणाचा विचार करताना ही नोकरी विसरून चालणार नाही.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण अमीन सयानी यांचे आहे. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी सयानी गेले, तेव्हा सर्वांनी त्यांच्या आवाजाची आठवण काढली. परंतु त्या आवाजामागील जबान कोठून आली याची चर्चा कमी झाली. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक १९४० साली काढले आणि ते १९६० पर्यंत चालले. ते एकाच सोप्या हिंदुस्थानीत, पण देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई. अमीन सयानी त्या कामात आईला हातभार लावीत. तीन लिप्यांतील वाचकाला एकाच वेळी समजेल असे वाक्य लिहिण्याची ती तालीम होती. गीतमालेतील त्यांचे वाक्य घ्या. त्यात पंडिताला खटकणारा फारसी शब्द नाही आणि मौलवीला अडखळवणारा संस्कृत शब्दही नाही. ही गोष्ट आपोआप होत नाही. त्यासाठी प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या मुलांना मराठी हा विषय असतो, पुस्तक असते, परीक्षा असते. मुले धडा वाचतात, उत्तरे लिहितात, गुणही मिळवतात. पण तहसील कार्यालयात उत्पन्नाचा दाखला मागताना त्यांची जीभ अडते. वाचलेली मराठी तोंडात आलेली नसते. म्हणून काही वर्षे मी एक प्रयोग करते. वर्गात मराठी प्रादेशिक बातम्या ऐकवायच्या आणि मुलांनी आपल्या घरचे वाटणारे शब्द टिपायचे. सरकार, जिल्हा, तालुका, अर्ज, मुदत, तारीख, जमीन, फिर्याद, हजर, कागद, दुकान, वकील. पाटी भरून जाते. मग उलट बाजूने विचारते, तुम्ही घरात 'नक्को' म्हणता तो शब्द कोठला? 'मैंच', 'आजिच' यांतला 'च' कोठला? हे मराठीतून दखनीत आलेले आहेत हे कळले की मुलांच्या चेहऱ्यावरचा परकेपणा उतरतो. आपण मराठी बोलतो तेव्हा दुसऱ्याच्या घरात शिरत नाही, हे त्यांना बातम्यांच्या दहा मिनिटांत समजते. व्याकरणाच्या तासाला ते समजत नाही.

तरीही आकाशवाणीच्या भाषण-विभागाबद्दल माझी तक्रार आहे. मी ऐकलेल्या मराठी कार्यक्रमांत मुसलमान वक्ता बहुधा तीन वेळा येतो: रमजानमध्ये रोजाचे महत्त्व सांगायला, ईदला बंधुभावावर बोलायला आणि एखाद्या सूफी संताच्या उरुसाला. हे विषय महत्त्वाचेच आहेत. पण हळदीच्या भावावर बोलणारा व्यापारी, सोयाबीनच्या पेरणीवर बोलणारा शेतकरी, बाळंतपणातील काळजीवर बोलणारी नर्स, दहावीच्या गणितावर बोलणारा शिक्षक हा मुसलमान असू शकतो, आणि हिंगोलीच्या बाजारात तसा तो रोज असतो. आपण धर्माविषयीच बोलायचे आणि बाकी सर्व विषयांवर ऐकायचे, ही वाटणी कोणी लिहून ठेवलेली नाही. सवयीने पडलेली आहे. आपल्या शिकलेल्या माणसांनीही तिला फारशी हरकत घेतलेली नाही. केंद्राकडून ईदचे निमंत्रण आले की आपण खूष होतो. पावसाळ्याच्या तोंडावर पेरणीविषयी बोलायला आपणहून पत्र लिहीत नाही.

नाटक : जे घर ऐकू आले नाही

श्रुतिका किंवा नभोनाट्य हा आकाशवाणीने आपल्या साहित्याला दिलेला स्वतंत्र प्रकार आहे. येथे पडदा नाही, पोशाख नाही, दिवे नाहीत. कपबशीचा आवाज झाला की स्वयंपाकघर उभे राहते. फाटकाची कडी वाजली की अंगण. विविध भारतीवरील 'हवा महल'ने पंधरा मिनिटांच्या हलक्याफुलक्या नाटकाची गोडी पिढ्यांना लावली. मुंबई केंद्राच्या 'प्रपंच' आणि 'पुन्हा प्रपंच'ने मराठी मध्यमवर्गाला त्याचे स्वतःचे घर ऐकवले. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी ही माणसे श्रोत्यांना नात्यातली वाटत. महागाई, पाहुणे, मुलांचे शिक्षण, सरकारी योजना असे सर्व विषय त्या तिघांच्या गप्पांतून येत. उपदेश असायचा, पण तो चहाच्या घोटाबरोबर उतरायचा.

या मालिकेचे यश कशात होते? पात्रांना विशेष असे काहीच घडत नसे. ती केवळ राहत होती. आणि एखादा समाज केवळ राहताना ऐकू येणे ही साहित्यातील फार मोठी मान्यता असते. दंगलीत, तलाकाच्या खटल्यात, कव्वालीच्या मैफलीत मुसलमान पात्र येते तेव्हा ते काही सिद्ध करायला आलेले असते. वाईट मुसलमान येतो तो भीती सिद्ध करायला. चांगला येतो तो चांगुलपणा सिद्ध करायला. पगाराच्या तारखेची वाट पाहणारा, बायकोशी पंख्याच्या वेगावरून वाद घालणारा, भाचीच्या लग्नाला काय आहेर करावा या चिंतेत पडलेला मुसलमान मराठी श्रुतिकेत मी ऐकलेला नाही.

जेथे तो येतो तेथे त्याची भाषा ऐकावी. चित्रपटात मुसलमान ओळखण्यासाठी टोपी, दाढी, सुरमा अशी साधने असतात. रेडिओवर यांपैकी काही दिसत नाही, म्हणून लेखक त्याच्या तोंडी मोडकीतोडकी हिंदी घालतो. बाकी पात्रे प्रमाण मराठी बोलतात आणि चाचा तेवढा 'हम'ला 'तुम' जोडत बसतो. हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या मुसलमानाचे बोलणे असे नाही. तो घरात दखनी बोलतो, मोंढ्यात अस्सल वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतो, मशिदीत वाज ऐकतो तेव्हा उर्दूचा लहजा धरतो, आणि एकाच दिवसात या तिन्हींतून सहज फिरतो. रेडिओ-नाटकाला याहून मोठी दौलत कोणती हवी? एक माणूस तीन जबानींत तीन वेगळ्या नात्यांनी बोलतो, हे केवळ आवाजावर चालणाऱ्या माध्यमासाठीच जणू बनलेले आहे. पण ही दौलत अजून तशीच पडून आहे.

याचा दोष फक्त आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांवर टाकता येणार नाही. उर्दूची बाजू पाहा. सआदत हसन मंटो १९४१-४२ मध्ये दिल्ली रेडिओवर नोकरीला होते आणि त्या थोड्या काळात त्यांनी डझनांनी रेडिओ-नाटके लिहिली. कृष्णचंदर आणि उपेंद्रनाथ अश्क हेही त्याच सुमारास तेथे होते. खात्याच्या प्रमुखपदी पतरस बुखारी होते. राजिंदर सिंह बेदी लाहोर रेडिओवर लिहीत. मंटोंच्या कथांची कीर्ती एवढी झाली की त्यांच्या नाटकांकडे दुर्लक्ष झाले, परंतु कमी वाक्यांत पात्र उभे करण्याचे त्यांचे कसब आणि ही रेडिओची तालीम यांचा संबंध नाही असे म्हणता येत नाही. उर्दूतील पहिल्या फळीच्या लेखकांनी या प्रकाराला कमी लेखले नाही. मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनी १९९० च्या सोलापूर संमेलनानंतर कविता लिहिली, कथा लिहिली, आत्मकथन लिहिले, वैचारिक लेखन तर भरपूर केले. नभोनाट्याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. ज्या समाजात वाचणारे कमी आणि ऐकणारे जास्त आहेत, त्या समाजाच्या लेखकांनी ऐकण्याचा प्रकार सोडून द्यावा, हे चमत्कारिक आहे.

संगीत : भरपूर वाटा, तरीही अपुरा

संगीताच्या बाबतीत आपल्याला तक्रारीला जागा नाही असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९५० च्या दशकात माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर आवर घातला आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. 'भूले बिसरे गीत', 'संगीत सरिता', 'मनचाहे गीत', फौजी भावांसाठी 'जयमाला', रात्रीचे 'छायागीत' असा तिचा दिवस ठरत गेला. या दिवसात साहिर, मजरूह, शकील, कैफी, हसरत यांचे शब्द, नौशाद आणि खय्याम यांच्या चाली, रफी आणि तलत यांचे आवाज तासातासाला येत राहिले. 'बैजू बावरा' (१९५२) मधील प्रसिद्ध भजन शकील बदायुनींनी लिहिले, नौशादांनी बांधले, रफींनी गायले. हे उदाहरण सद्‌भावनेच्या प्रत्येक भाषणात दिले जाते, इतके की ते आता झिजून गेले आहे.

मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती विविध भारतीची नाव घेण्याची शिस्त. गाण्याआधी किंवा गाण्यानंतर निवेदक चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी सर्व नावे सांगतो. या शिस्तीमुळे कधी शाळेत न गेलेल्या बायकांनाही मजरूह कोण आणि शैलेंद्र कोण हे ठाऊक असते. आमच्या घरातील थोरल्या खाला चाल ऐकून गीतकार ओळखायच्या. मोबाइलवर गाणे लागते तेव्हा शब्द लिहिणाऱ्याचे नाव शोधावे लागते. शब्द कोणी लिहिले हे सांगणे म्हणजे शब्दांना मान देणे होय. आकाशवाणीने हा मान फरमाइशीच्या कार्यक्रमातही सोडला नाही.

निवेदकांविषयी लिहिले पाहिजे असे आणखी एक नाव कब्बन मिर्झा यांचे. मूळचे लखनौचे, विविध भारतीवर निवेदक. 'रझिया सुलतान' (१९८३) मध्ये खय्याम यांनी त्यांच्याकडून दोन गाणी गाऊन घेतली. प्रशिक्षित गळ्याचा गोडवा त्या आवाजात नाही. आहे तो बोलणाऱ्या माणसाचा जडपणा आणि खोली. पार्श्वगायकांची एवढी मोठी फळी उपलब्ध असताना संगीतकाराला निवेदकाचा आवाज घ्यावासा वाटला, यातच रेडिओच्या बोलण्याची किंमत दिसते.

मराठी संगीताच्या बाजूलाही आकाशवाणीचे ऋण मोठे आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण वर्षभर चालले, ५६ गीते झाली. आठवड्याला एक गीत, आणि त्यासाठी वाट पाहणारा श्रोता. एका केंद्राने, एका कवीने आणि एका संगीतकाराने ठरवले तर केवढे काम होऊ शकते याचे हे उदाहरण आहे. ते पाहून माझ्या मनात विचार येतो की शेख महंमदांचा 'योगसंग्राम' मराठीत आहे, मराठीत ओव्या-अभंग रचणाऱ्या मुसलमान संतांची परंपरा आहे, शाहीर अमर शेख यांची शाहिरी आहे. या सर्वांवर आठवड्याला एक अशी मालिका का होऊ नये?

परंतु संगीतातील या भरपूर वाट्यानेच एक अडचण केली आहे. आपण देशाच्या कानाला सूर म्हणून परिचित झालो, बोलणारा शेजारी म्हणून झालो नाही. शुक्रवारची कव्वाली आणि रात्रीची गझल ऐकून खूष होणाऱ्या श्रोत्याला हिंगोलीतील बागवान किंवा तांबोळी मराठीत काय बोलतो हे ठाऊक नसते. गझल ऐकणारा उर्दूवर प्रेम करतो आणि उर्दू शाळेकडे संशयाने पाहतो, असे आपण अनुभवतो. दोन्ही भावना एकाच माणसात सुखाने राहू शकतात, कारण गझल त्याला काही विचारत नाही. संवाद विचारतो. म्हणून संगीतातला वाटा कितीही मोठा असला तरी तो भाषण आणि नाटक यांतील वाट्याची जागा घेऊ शकत नाही.

मनोरा आला, माईक कधी?

आता हिंगोलीच्या प्रक्षेपकाकडे येऊ. त्या दिवशी जाहीर झालेल्या माहितीनुसार ९१ प्रक्षेपकांमुळे सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर भागात आणि २ कोटी अधिक लोकांपर्यंत आकाशवाणी पोहोचणार होती. भागाकार केला तर एका प्रक्षेपकाच्या वाट्याला सरासरी ३८५ चौरस किलोमीटर येतात, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर त्रिज्येचा घेरा. हिंगोली शहर आणि भोवतालची गावे त्यात येतील. वसमत तर त्याच्या फारच बाहेर राहील. पण हा मुद्दा दुय्यम आहे. मुख्य मुद्दा असा की हे सहक्षेपणाचे यंत्र आहे. दुसरीकडे तयार झालेला कार्यक्रम ते पुढे पाठवते. स्टुडिओ नाही, निवेदक नाही, ध्वनिमुद्रणाची खोली नाही. हिंगोलीला कान मिळाला, जीभ मिळाली नाही.

कोणी म्हणेल, रेडिओ ऐकतो कोण? ऐकणारे आहेत. ऑटोरिक्षात, शेतावर, शिलाई मशीनजवळ, आणि आता मोबाइलमध्येही. २०२० च्या टाळेबंदीत इंटरनेट नसलेल्या मुलांसाठी आकाशवाणी नागपूरवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम झाला. त्या काळात आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, असला तर भावंडांत एक. रेडिओची गरज संपली असे म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

आणि श्रोता बोलू शकतो याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात. जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचा मार्ग मोकळा झाला. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे माणदेशी तरंग वाहिनी चालू झाले. आपल्यासारख्याच जुन्या निजामी मुलुखात, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, दलित स्त्रियांनी २००८ साली 'संगम रेडिओ' सुरू केला. त्या बायका आपल्या बोलीत, आपल्या पिकांविषयी, आपल्या गाण्यांसह बोलतात. त्यांच्या बोलीला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

हिंगोलीत हे अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. परंतु परवाने, निधी, जागा यांच्या गोष्टी नंतरच्या. लेखकाने पहिल्यांदा करायची गोष्ट लेखन आहे. आपल्या वार्षिकांत कविता, कथा आणि लेख येतात, त्याबरोबर दरवर्षी निदान दोन श्रुतिका का येऊ नयेत? पंधरा मिनिटांची, चार आवाजांची श्रुतिका. हळद शिजवण्याच्या दिवसांतील एक घर घ्या. मुलगी मराठी शाळेत, दादी उर्दू अखबार वाचणारी, बाप मोंढ्यात, शेजारीण नरसीच्या यात्रेला निघालेली. दसऱ्याच्या प्रदर्शनातील एक खेळण्याचे दुकान घ्या. कोणाला काही सिद्ध करायला लावू नका. त्यांना फक्त राहू द्या आणि बोलू द्या, ज्याच्या त्याच्या जबानीत. अशी संहिता हातात असेल तर परभणी केंद्राचे दार ठोठावता येते, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती वाचता येते, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून गावभर पाठवताही येते.

आकाशवाणीचे ब्रीद 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' असे आहे. बहुजनांत आपण येतो की नाही, हा प्रश्न दुसऱ्याला विचारत बसण्यापेक्षा दिवसातील पंधरा मिनिटे मागून घ्यावीत आणि ती भरण्याइतके लिहून तयार असावे. अधिकाऱ्याने उद्या विचारले, 'ठीक आहे, काय ऐकवता?', तर आपल्याकडे ईदच्या भाषणाखेरीज दुसरा कागद असला पाहिजे. आज तो फारसा नाही. येत्या अंकापासून तो तयार होऊ लागावा, एवढी या वार्षिकाच्या लेखकांकडे आणि संपादकांकडे माझी मागणी आहे.